ही बाई कशी होती?

मुर्तिनी गेली तेव्हा नगादिनो तिच्यापासून चार हातांवर बसला होता आणि तिच्याशी बोलत नव्हता.

सोमवारची सकाळ होती. उकडलेलं सोयाबीन परातीत गार करत ठेवलं होतं. नगादिनो केळीच्या पानात एकेक मूठ घालून टेम्पेच्या, म्हणजे आंबवायच्या सोयाबीनच्या, पुड्या बांधत होता. एरवी पानं ती पुसून द्यायची आणि तो बांधायचा. शनिवारपासून तो पानं स्वतःच पुसत होता. ती भिंतीला टेकून सुपातले तांदूळ निवडत होती. मागं काहीतरी धप्पकन पडलं. सोयाबीनचं पोतं कलंडलं असेल असं त्याला वाटलं. 'बघ जरा' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, मग आपण बोलत नाही हे आठवलं आणि मिटलं. आणखी तीन पुड्या बांधून झाल्यावर त्यानं वळून पाहिलं.

तीन पुड्या. दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. दवाखान्यातली नर्स आली, तिनं नाडी पाहिली, मुर्तिनीचे डोळे मिटले आणि थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाली, "कांग दिनो, हृदय थांबलं. झोप नाही, विश्रांती नाही. मतमोजणीला बसलेली बरीच माणसं अशी आजारी पडलीत." तो म्हणाला, "तीन पुड्या बांधल्या मी." तिला काही कळलं नाही. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बायकांना बोलवायला गेली.

त्या वर्षी देशात निवडणूक होती आणि केडुंगवरू गावात माणसं एकमेकांना नावापेक्षा बोटांवरून ओळखत होती. एका उमेदवाराचा क्रमांक एक, दुसऱ्याचा दोन. ज्याला त्याला फोटोत एक बोट नाहीतर दोन बोटं दाखवायची असायची. फेब्रुवारीत एका लग्नात फोटोग्राफर ओरडला होता, "सगळ्यांनी मुठी आवळा, नाहीतर मी कॅमेरा बंद करतो." हसून हसून पुरेवाट झाली होती. पण मग कॉफीच्या टपऱ्या एकीच्या दोन झाल्या. डॉमिनो खेळणाऱ्या चौघांतले दोघे इकडे बसायला लागले, दोघे तिकडे. नगादिनो दोन बोटांचा. त्याच्या टेम्पेला एक बोटवाल्यांनी हात लावणं सोडलं. बदकंवाला वासितो वीस वर्षांचं गिऱ्हाईक, पण तोही सायकलवरून शेजारच्या वस्तीत जाऊन टेम्पे आणायला लागला. जाताना मुद्दाम नगादिनोच्या दारावरून जायचा.

मुर्तिनी, गावाची यू मुर्ती म्हणजे मुर्तीताई, कुणाच्या बाजूची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही. ती दर महिन्याला वस्तीतल्या लहान पोरांची वजनं घ्यायची, झोळीत घालून काट्याला टांगायची. मोजायची सवय आहे म्हणून तिला मतदान केंद्राची प्रमुख केलं होतं. बुधवारी मतदान झालं. मतपत्रिका पाच प्रकारच्या. मोजणी रात्रभर चालली आणि गुरुवारी ऊन वर आल्यावर ती घरी आली. चप्पल काढायला वाकली आणि तशीच उंबऱ्यावर बसून राहिली.

शुक्रवारी दुपारी गावभर एक फोटो फिरला. निकालाच्या कागदाची नक्कल होती. भिंतीवरच्या मोठ्या तक्त्यावर दोन बोटांना चौऱ्याण्णव मतं होती, सगळ्यांनी पाहिली होती. या नकलेवर एकोणपन्नास. खाली केंद्रप्रमुखाची सही, मुर्तिनीची.

नगादिनोनं तो फोटो वीस वेळा तरी पाहिला असेल. शुक्रवारी ती कुठं जाते न सांगता तालुक्याच्या कचेरीत जाऊन आली होती. शनिवारी संध्याकाळी त्यानं विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझ्या टेबलावरचा कागद आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझाच."

"म्हणजे तू लिहिलंस?"

"वेनिंगचे बाबा, कॉफी टाकू का?"

"पंचेचाळीस मतं, मुर्ती. लोक मला तोंडावर विचारतायत."

"मग सांगा, तिचं टेबल होतं म्हणून. टाकू का कॉफी?"

त्यानं कॉफी घेतली नाही. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

सोमवारी दुपारी अंगणात माणसं जमली. तिला न्हाऊ घातलं होतं, कफन बांधून झालं होतं, नमाज झाली होती. अंगणाच्या मधोमध जनाजा ठेवला होता, वर हिरवी चादर आणि चाफ्याच्या माळा. खुर्च्या कुणी मुद्दाम मांडल्या नव्हत्या, पण रांबुतानच्या झाडाच्या अलीकडे एक बोटवाले बसले आणि पलीकडे दोन बोटवाले. मुलगी वेनिंग हाँगकाँगला एका म्हाताऱ्या बाईकडे कामाला होती. ती इतक्यात पोचणं शक्य नव्हतं. शेजारची एक बाई मोबाइल उंच धरून उभी होती. त्यात वेनिंगचा चेहरा दिसत होता, सुजलेला, मागं मालकिणीचं स्वयंपाकघर.

म्बाह मोदिन, म्हणजे गावचे मौलवी आजोबा, पुढं आला. गावातले जन्म, लग्नं, मरणं सगळं त्याच्याच हातून व्हायचं. ऐंशीचा होता, पण आवाज खणखणीत. त्यानं मुर्तिनीच्या वतीनं सगळ्यांची माफी मागितली, कुणाला बोलण्यातून दुखावलं असेल, कुणाचं मन मोडलं असेल तर पोटात घाला म्हणून. मग जनाजा उचलायच्या आधी जे विचारतात ते विचारलं.

"मंडळी, साक्ष द्या. ही बाई कशी होती?"

याचं उत्तर एकच असतं. केडुंगवरूत कोंबड्या चोरणारा गेला तेव्हाही लोकांनी तेच दिलं होतं. बायकोला मारणारा गेला तेव्हाही, जरा हळू आवाजात, पण दिलं होतं. तीनदा विचारायचं, तीनदा सगळ्यांनी म्हणायचं. ते ऐकत माणसानं घर सोडायचं.

"चांगली!" एक बोटवाले ओरडले.

ते नको इतक्या जोरात ओरडले. सभेत घोषणा द्यावी तसे. एकानं तर हात वर केला आणि मग लाज वाटून खाली घेतला. झाडाच्या पलीकडे कुणी काही बोललं नाही. चाळीस-पन्नास माणसं, नगादिनोची स्वतःची माणसं, मांडीवर हात ठेवून खाली बघत बसली होती.

नगादिनोला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, यांना ऐकू गेलं नसेल.

म्बाह मोदिनलाही तसंच वाटलं असावं. त्यानं घसा खाकरला. पलीकडे तोंड करून त्यानं पुन्हा विचारलं, "ही बाई कशी होती?"

"चांगली," एक बोटवाले म्हणाले. या वेळी त्यांचा आवाजही अर्धाच निघाला. पलीकडे एका बाईनं पदर तोंडावर धरला. एक पोर रडलं, त्याला कुणीतरी थोपटलं. बाकी काही नाही.

आणि मोबाइलमधून वेनिंगचा आवाज आला. "बाबा? आवाज गेला का? मला काहीच ऐकू येत नाहीये. हॅलो? म्बाहनं विचारलं का? बाबा, आवाज गेलाय!"

मोबाइल धरलेल्या बाईनं नगादिनोकडे पाहिलं. साठ वर्षं तो या गावात होता. अशी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. पोरीला काय सांगायचं? आवाज गेला नाही बाळा, आवाज आहे, माणसं बोलत नाहीत?

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. बदकंवाला वासितो उठला होता. तो झाडाखालून चालत पलीकडे गेला आणि जुमिंगानसमोर उभा राहिला. जुमिंगान मोटरसायकली दुरुस्त करायचा. दोन बोटांचा म्होरक्या तोच. मोजणीच्या रात्री हे दोघे आपापल्या पक्षाचे पोलिंग एजंट म्हणून मुर्तिनीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले होते.

"जुमिंगान, तू बोलतोस का मी बोलू?"

"ए वासितो," मागून कुणीतरी म्हणालं, "मयतीत राजकारण नको."

"राजकारण तुम्हीच केलंत. तोंड न उघडता केलंत. ती पोरगी तिकडून विचारतेय आवाज गेला का. काय रे, गेलाय का तुझा आवाज?"

जुमिंगान उठला. त्याच्या नखांत वंगण होतं, सकाळी दुकानातून तसाच आला असावा. त्यानं जनाज्याकडे पाहिलं नाही, नगादिनोकडेही नाही.

"ते अक्षर माझं आहे," तो म्हणाला.

"कुठलं अक्षर?"

"एकोणपन्नास. कागदावर ते मी लिहिलंय. यू मुर्तीनं नाही."

झाडाच्या दोन्ही बाजूंनी एकदम गलका झाला. त्याच्याच बाजूचा एक जण उठून म्हणाला, "काय बरळतोयस? आपलीच मतं तू कशाला कमी करशील? कुणी दम दिलाय का तुला?"

"मला कोण दम देणार, गाढवा! झोपेत लिहिलं मी. सकाळचे साडेपाच वाजले होते. चौऱ्याण्णव लिहायचे तिथं आकडे उलटे पडले." मग जे बाहेर यायचं होतं ते सगळं एकदम आलं. "बावीस नकला करायच्या होत्या. हातानं. त्या केंद्रावरच्या पोरींची बोटं वळेनात. यू मुर्ती आम्हाला म्हणाली, तुम्ही दोघं रात्रभर नुसते एकमेकांवर डोळे वटारून बसलायत, त्यापेक्षा लिहायला लागा. एजंटनं कागदाला हात लावायचा नसतो. गुन्हा आहे. तिला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं."

"मी म्हटलं, याचा कागद मी लिहितो," वासितो म्हणाला. "तर हा म्हणाला, तू लिहिलास तर तू खोटं लिहिशील. मग मीही म्हटलं, माझा तू लिहायचा नाहीस. शेवटी ज्याचा त्यानं लिहिला. मी वाचून दाखवत होतो, चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव. हा माझ्या खांद्यावर डोकं टेकून लिहीत होता. लाळ गळत होती याची माझ्या सदऱ्यावर."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"मग फोटो कुणी टाकला?" म्बाह मोदिननं विचारलं.

"मीच," जुमिंगान म्हणाला. "शुक्रवारी घरी कागद उघडून पाहिला तर एकोणपन्नास. झोपेत काय लिहिलं ते आठवत नव्हतं, मला खरंच वाटलं चोरी झाली. रागानं फोटो काढला आणि दिला पाठवून. संध्याकाळी एका गाडीची पावती लिहीत होतो. चारचा आकडा काढला आणि हात तिथंच थांबला."

"आणि शुक्रवारपासून तू गप्प?"

"यू मुर्तीकडे गेलो होतो लगेच, मागच्या दारानं. ती म्हणाली, मी कचेरीत जाऊन आले, तिथं मोठ्या तक्त्यावर चौऱ्याण्णवच आहेत, मोजलेही चौऱ्याण्णवच जाणार, तुमचं एकही मत कुठं गेलेलं नाही. ती म्हणाली, मी लिहिलं असं तू सांगितलंस तर तुला आत घालतील, वासितोलाही घालतील, आणि तुम्हाला लिहायला बसवलं म्हणून मलाही. तुझी तीन पोरं आहेत, त्याची बदकं आहेत. गप्प बस. लोक दोन दिवस माझ्या नावानं बोलतील आणि विसरून जातील."

जुमिंगाननं आता पहिल्यांदा नगादिनोकडे पाहिलं.

"मी विचारलं, निदान कांग दिनोला सांगू का? तर म्हणाली, त्यांना नको. त्यांच्या पोटात काही राहत नाही."

नगादिनो ऐकत होता. ते खरं होतं. त्याच्या पोटात खरंच काही राहत नसे. तिनं सांगितलं असतं तर रविवारी सकाळपर्यंत त्यानं टपरीवर सगळ्यांना सांगून टाकलं असतं, मोठ्या अभिमानानं, आणि जुमिंगानला शिपाई घेऊन गेले असते. तिनं कॉफी टाकू का विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.

त्यानं खिशातून मोबाइल काढला. फोटो होताच. सगळ्यांच्या देखत तो पुन्हा बघायला लागला. चारचा आकडा वरून उघडा, खुर्चीसारखा. नवाची शेपटी लांब, डावीकडे वळलेली. त्याच्या घरातल्या घड्याळामागं त्याच्या गाडीच्या दुरुस्तीची, जुमिंगाननं लिहिलेली पावती खोचलेली होती. तिच्यावर हेच चार, हेच नऊ. गावात प्रत्येकाच्या घरी तशी एक पावती होती. मुर्तिनी नऊ काढायची तो सरळ, काठीसारखा. एकतीस वर्षं तिनं त्याच्या टेम्पेचा हिशेब लिहिला होता. आणि त्यानं वीस वेळा पाहूनही ओळखलं नव्हतं.

आजूबाजूलाही माणसं आपापले मोबाइल काढून बघत होती. पलीकडे कुणीतरी हळूच म्हणालं, "अगं आई गं." एकानं मोबाइल पालथा करून मांडीवर ठेवला. दोघं तिघं उठले आणि कुणाकडे न बघता फाटकातून निघून गेले. बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

म्बाह मोदिननं काठी जमिनीवर आपटली.

"झालं का तुमचं? कुणी कुणाला आत घालायचं ते उद्या बघा. हिला ऊन लागतंय. मी तिसऱ्यांदा विचारतोय, आणि ही शेवटची वेळ. मतं कुणाला किती ते विचारत नाही. ही बाई कशी होती?"

एक बोटवालेही आता बिचकत होते. मग झाडापलीकडून तोंडावर पदर धरलेली ती बाई बोलली, "माझी चारही पोरं तिनं जोखली. चांगली होती." तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "चांगली." मग इकडून दोन आवाज, तिकडून पाच. एका सुरात काही झालं नाही. कुणी आधी म्हणालं, कुणी मागून. कुणी मोठ्यानं म्हटलं, तर कुणी कसंबसं पुटपुटलं. पण कुठल्या बाजूचा कोण हे डोळे मिटून ऐकणाऱ्याला ओळखता आलं नसतं. मोबाइलमधून वेनिंगही म्हणाली, सगळ्यांच्या नंतर, कारण तिकडे आवाज उशिरा पोचत होता.

"उचला," म्बाह मोदिन म्हणाला.

सहा जण पुढं झाले. जुमिंगान सातवा. त्यानं पुढच्या दांड्याला हात घातला तेव्हा नगादिनो म्हणाला, "तू नको."

जुमिंगाननं हात काढला. अंगणात पुन्हा सगळे थबकले. जनाज्यावर धरायची मोठी छत्री भिंतीला टेकवून ठेवली होती. ती कुणी घेतली नव्हती. नगादिनोनं ती उचलून जुमिंगानच्या हातात दिली.

"खांदा नको देऊस. ही धर. तिच्या तोंडावर ऊन येऊ देऊ नकोस."

जुमिंगाननं छत्री उघडली. ती नीट उघडेना, तेव्हा वासितोनं येऊन खालची कळ दाबून दिली. "वंगण घाल कधीतरी," तो म्हणाला. जुमिंगाननं छत्री जनाज्यावर धरली.

जनाजा उचलायला सहाही जण वाकले. आणि तेव्हा नगादिनोच्या ध्यानात आलं. म्बाहनं तीनदा विचारलं होतं. तीनही वेळा तो दुसऱ्यांची तोंडं बघत राहिला होता. तो स्वतः काही म्हणालाच नव्हता.

"थांबा," तो म्हणाला. "म्बाह, मला विचारा."

"घरच्यांना विचारत नाहीत, दिनो. घरच्यांची साक्ष धरत नाहीत."

"धरू नका. नुसतं विचारा."

म्हाताऱ्यानं काठीवर रेलून, हळू आवाजात, जणू अंगणात दोघेच असावेत तसं विचारलं, "दिनो, ही बाई कशी होती?"

"शनिवारपासून मी तिच्याशी बोललो नव्हतो," नगादिनो म्हणाला. "ती पडली तेव्हा मी मागं वळून पाहिलं नाही. मी पुड्या बांधत होतो."

छत्रीची सावली जनाज्यावरून थोडी सरकली. जुमिंगाननं ती पुन्हा नीट धरली.

"ते मी विचारलं नाही," म्बाह मोदिन म्हणाला. "ही बाई कशी होती?"

नगादिनोनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा नुसता श्वास बाहेर आला. वाकलेल्या सहा जणांच्या पाठी दुखायला लागल्या असतील, पण कुणी सरळ झालं नाही.

"चांगली," तो म्हणाला.

"पुन्हा सांग. पोरीला ऐकू जाऊ दे."

"चांगली होती!" तो ओरडला, इतक्या जोरात की शेजारच्या तळ्यावरून वासितोची बदकं फडफडत उठली. आणि तिथंच जमिनीवर बसला.

म्बाह मोदिननं मान हलवली आणि माणसांनी जनाजा खांद्यावर घेतला.